पीएफचा पोर्टेबल

"आजी, हा भंगारात द्यायचा नाही हं. मला हवाय!"

२०२५ चा मे महिना. पावसाच्या आधी माळा आवरायचा म्हणून मुलगा स्टुलावर चढलेला आणि मी खाली उभी राहून एकेक वस्तू हातात घेत होते. पितळी डबे, गणपतीचं मोडकं मखर, कुणाचा तरी पाळणा आणि सगळ्यात मागे गोणपाटात गुंडाळलेला आमचा जुना टीव्ही. चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट, वर उचलायला मूठ. त्या काळी याला 'पोर्टेबल' म्हणायचे. प्रत्यक्षात एकदा टेबलावर ठेवला की वर्षानुवर्षं कुणी हलवत नसे, ती गोष्ट वेगळी!

"आई, हा सात वर्षांपूर्वीच टाकायला हवा होता," मुलगा वरून म्हणाला. पण नातीने त्याला मिठीच मारली. ती तेव्हा नववीत जाणार होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काय करायचं, हे तिचं मनाशी पक्कं झालेलं होतं. फक्त पडदा हवा होता.

सात वर्षांपूर्वी म्हणजे केव्हा, हे वसई-विरारच्या मैत्रिणींना सांगायला नको. जुलै २०१८. आम्ही वसईला दिवाणमानजवळ तळमजल्यावर राहतो. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि लाइट गेलेले. अंगणात पाणी साचलंय एवढं झोपताना ठाऊक होतं. रात्री दोनच्या सुमाराला सासूबाईंनी हाक मारली. त्यांचं वय शहाऐंशी, कॉटवरून पडायची भीती म्हणून त्या खालीच गादीवर झोपत. "अगं, माझी पाठ गार लागतेय," म्हणाल्या. मी कॉटवरून पाय खाली टाकला, तर घोट्याच्या वर पाणी! दरवाजातून आलंच नव्हतं ते. मोरीच्या जाळीतून वर आलं होतं, अंधारात, काही आवाज न करता. ह्यांनी आणि मी मिळून त्यांना उचललं, कॉटवर ठेवलं, ओलं लुगडं बदललं. उरलेली रात्र मेणबत्ती धरून भिंतीवरची ओल बघत बसलो. पाणी चढतंय की उतरतंय, तेवढंच कळायला हवं होतं आणि तेच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, मोबाइलची बॅटरी संपलेली, लाइटचा पत्ता नाही.

नात तेव्हा सात वर्षांची होती. टेबलावर बसून ती पणजीचा हात धरून होती. मुलं विसरतात असं आपण म्हणतो, पण तिला त्या रात्रीचं सगळं आठवतं.

तर तिचं म्हणणं असं, की घराबाहेर गटारापाशी पाण्याची उंची मोजणारं यंत्र लावायचं आणि तो आकडा घरात टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत आणायचा. मुलगा म्हणाला, "त्याला टीव्ही कशाला? दीडशे रुपयांत छोटा डिस्प्ले मिळतो." खरं होतं त्याचं. पण पोरीचं उत्तर तयार! "तो आजीला चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि हा टीव्ही बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. मागे लिहिलंय बघा." खरंच, मागच्या बाजूला बॅटरीची वायर लावायची वेगळी जागा होती. अडतीस वर्षं हा टीव्ही माझ्या घरात, पण माझं तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

आणि मलाही तो टाकवत नव्हता. कारण तो माझ्या पीएफचा होता.

माझं माहेर विरारचं. दहावीनंतर दोन वर्षं घरी काढून १९७९ मध्ये मी सीप्झमधल्या एका कंपनीत लागले. सीप्झ म्हणजे अंधेरीच्या पूर्वेला सरकारने १९७३ साली उभा केलेला निर्यातीचा भाग. सुरुवातीला तिथे फक्त इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने होते, दागिन्यांचं काम पुढे आलं. विरारहून पहाटेची लोकल, अंधेरीला उतरून बस, गेटवर पास, संध्याकाळी निघताना झडती. लेडीज स्पेशल १९९२ मध्ये सुरू झाली, आणि नंतर ती विरारपर्यंत आली. तोवर माझी नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली होती! आम्ही आपल्या उभ्या उभ्याच भाजी निवडत जायचो.

आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच. बायकांची बोटं बारीक असतात आणि बायका कुरकुर करत नाहीत, असं साहेब लोक तोंडावर म्हणायचे. हिरवट-तपकिरी बोर्ड एकीकडून दुसरीकडे सरकत यायचा. माझ्या वाट्याचे पार्ट रंग बघून भोकांत बसवायचे, बोर्ड उलटा करायचा आणि सोल्डरिंग करायचं. त्या ठिपक्याला आम्ही 'टाका' म्हणायचो. चांगला टाका कसा असतो माहितेय? चकचकीत आणि देवळाच्या शिखरासारखा उतरता, मधून तारेचं टोक दिसणारा. गोळा झाला तर वाईट. राखाडी, निस्तेज दिसला तर वाईट. तारेभोवती बारीक गोल रेघ दिसली तर सगळ्यात वाईट. त्याला 'ड्राय सोल्डर' म्हणायचे. वरून जोडलेला दिसतो, आतून सुटलेला असतो. असा बोर्ड सापडला की ज्या मुलीचा टाका तिला सगळ्यांसमोर बोलणी बसत.

सात वर्षं मी टाके मारले. ते सोल्डर साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं, त्याचा धूर सरळ नाकात. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. आणि त्या सात वर्षांत एकदाच मी सुपरवायझरला विचारलं, "सर, हा बोर्ड कशात बसतो?" तो म्हणाला, "तुला काय करायचंय? टाका नीट मार." परत विचारलं नाही. मी सोडलेले बोर्ड कुठल्या देशात, कुठल्या यंत्रात गेले, हे मला आजही ठाऊक नाही.

मुलगा झाल्यावर १९८६ मध्ये नोकरी सोडली. त्याला सांभाळायला कुणी नव्हतं, आणि 'आता पुरे की' असं घरात दोन-तीनदा बोलूनही झालं होतं. पीएफचे पैसे हातात आले. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू होणार म्हणून सगळीकडे गडबड होती, त्याच्या आठवडाभर आधी हा टीव्ही घरी आला. चाळीतला दुसरा. रविवारी सकाळी आमच्या दहा बाय बारात तीस माणसं! मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ ला, पण वसईपर्यंत चित्र नीट पोचायला कौलांवर उंच बांबू आणि त्यावर अँटेना लागायचा. हे वर चढून फिरवायचे, मी खिडकीतून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं! परत डावीकडे!" कावळा बसला की पुन्हा पहिल्यापासून.

तर असा हा पोर्टेबल. १९९६ मध्ये रंगीत टीव्ही आला आणि हा शोकेसच्या खालच्या कप्प्यात गेला. तिथेच २०१८ च्या पाण्यात तो अर्धा बुडाला.

आमच्या ओळखीचे एक टीव्ही मेकॅनिक भाऊ स्टेशनजवळ दुकान चालवतात. आता एलईडी टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सचीच कामं येतात, पण जुनी माणसं आणि जुनी अवजारं दोन्ही त्यांनी टिकवून ठेवलीत. रिक्षातून टीव्ही नेला. त्यांनी बघितला आणि हसलेच. "वहिनी, याला हात लावून पंधरा वर्षं झाली असतील मला!"

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, आणि ती गमतीची नाही. असा जुना टीव्ही घरी उघडू नका, मुलांना तर मुळीच उघडू देऊ नका. पिक्चर ट्यूबवर मागच्या बाजूला एक काळी रबरी टोपी असते. टीव्ही चालू असताना तिच्याखाली दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढला तरी ट्यूब तो बराच वेळ धरून ठेवू शकते. आमचा टीव्ही इतकी वर्षं बंद होता, तरी भाऊंनी आधी काय केलं? लांब स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधली, वायरचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या तारेच्या पट्टीला लावलं, एक हात मागे धरला आणि मग टोपीखाली टोक घालून दाब उतरवला. पुढे जितक्या वेळा टीव्ही चालू करून पाहिला, तितक्या वेळा हेच पुन्हा. ट्यूबची मागची मान पातळ काचेची, आत निर्वात पोकळी. ती फुटली तर काचा उडतात, आणि काचेत शिसं असतं. नातीला त्यांनी दोन हात लांब स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "तिथून बघ. हात मांडीवर." ती तशीच बसली.

आत सगळीकडे वाळलेला चिखल. खाडीचं खारं पाणी होतं ते, त्यामुळे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांवर हिरवा थर चढलेला. टूथब्रशने आणि आयपीएने, म्हणजे मेकॅनिक लोक वापरतात त्या स्पिरिटने, भाऊंनी बोर्ड धुतला आणि दोन दिवस पंख्याखाली वाळवला. दोन कंडेन्सर फुगले होते ते बदलले. एक रेष खाऱ्या पाण्याने पार खाल्ली होती, तिच्या जागी वायरचा तुकडा. आवाजाचं बटण गंजून घट्ट. स्पीकरच्या कागदाचा तर लगदाच झाला होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा गेलो. भाऊंनी टीव्ही थेट प्लगला लावला नाही, मध्ये एक साधा पिवळा बल्ब जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि टीव्ही वाचतो, सगळं ठीक असेल तर बल्ब मंद राहतो. किती सोपी युक्ती! बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. आम्ही श्वास रोखून पडद्याकडे बघत होतो. ट्यूब तापली... आणि मधोमध एक पांढरीशुभ्र आडवी रेघ आली. बाकी पडदा काळा.

"व्हर्टिकल गेलं," भाऊ म्हणाले आणि पटकन ब्राइटनेस कमी केला. एकाच जागी इतका उजेड पडत राहिला तर पडदा तिथे जळतो म्हणे. "याचा आयसी आता इथे मिळायचा नाही. लॅमिंग्टन रोडला बघावं लागेल."

मी मात्र त्या रेघेकडे बघतच राहिले. ही रेघ माझ्या ओळखीची होती! शेवटच्या दिवसांत आमचा टीव्ही असाच करायचा. ऐन 'छायागीत'च्या वेळी चित्र आकसून एक रेघ व्हायची. मग हे उठून त्याला एक थप्पड मारायचे आणि चित्र पुन्हा उघडायचं. पुढेपुढे दोन थपडा लागायच्या. तुमच्याही घरी मारल्याच असतील!

मी विचारलं, "भाऊ, थप्पड मारल्यावर आयसी दुरुस्त होतो का हो?"

ते थांबले. "नाही होत," म्हणाले.

"मग मला जरा बोर्डाची मागची बाजू दाखवा."

प्लग काढून, दाब उतरवून त्यांनी बोर्ड माझ्यापुढे धरला. नातीच्या दप्तरात भिंग होतं. चाळीस वर्षं मी बोर्ड पाहिला नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात, हाताला थोडी थरथर. पण मैत्रिणींनो, खोटं नाही सांगत, मिनिटभरही लागला नाही. ज्या आयसीला पत्र्याचा तुकडा लावलेला होता, त्याच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल रेघ होती. शेजारच्या पायालाही सुरुवात झालेली.

"हा टाका सुटलाय," मी म्हटलं. "ड्राय सोल्डर आहे."

भाऊंनी भिंगातून पाहिलं. मग काही न बोलता त्यांनी सोल्डरिंगची इस्त्री माझ्या हातात दिली.

जुनं सोल्डर आधी काढून घ्यायचं, कारण जुन्यावर नवं चढवलं की पुन्हा तीच रड. मग इस्त्रीचं टोक तारेला आणि तांब्याला दोन्हींना एकदम टेकवायचं, मनात एक-दोन म्हणायचं आणि मग सोल्डर लावायचं. इस्त्रीला नाही, तापलेल्या तारेला. ते आपोआप वितळून भोवती पसरतं. आधी इस्त्री उचलायची नाही. उचलल्यावर फुंकर मारायची नाही, हलवायचं नाही. हे सगळं माझ्या हातांना आठवत होतं, मला आठवावं लागलं नाही. त्या आयसीचे सगळेच पाय मी पुन्हा जोडले. शेवटचा टाका अगदी शिखरासारखा आला.

पुन्हा बल्ब, पुन्हा प्लग. रेघ आली, थरथरली आणि पडदाभर उघडली. सगळीकडे मुंग्याच मुंग्या!

मी हसत होते आणि डोळ्यांत पाणी. भाऊंना वाटलं आनंदाने. होताच आनंद. पण मी दुसराही हिशोब करत होते. तो टाका पुरात सुटला नव्हता. तो आयसी तापतो, गार होतो, पुन्हा तापतो, अशा वर्षानुवर्षांच्या ताणाने तो चिरला होता. म्हणजे १९९६ मध्ये ज्या बिघाडासाठी आम्ही हप्त्यावर रंगीत टीव्ही आणला, तो एका टाक्याचा होता. आणि दिवसभर तेच काम केलेली बाई त्याच घरात स्वयंपाक करत होती. कुणी मला विचारलं नाही हे खरंच, पण मीही मागचं झाकण काढायला सांगितलं नाही. माझं काम म्हणजे बोर्ड पुढे सरकवणं, एवढंच डोक्यात बसलं होतं.

नातीचा प्रश्न निघालाच. "पण आजी, टाका सुटल्यावर रेघच का आली?"

मला कुठे माहीत! भाऊंनी सांगितलं. पडद्यावर खरं तर एकच ठिपका असतो. तो डावीकडून उजवीकडे पळत ओळ काढतो, मग तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. अशा ६२५ ओळींचं एक चित्र आणि सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे सेकंदात १५,६२५ ओळी. आडवं पळवणारं यंत्र वेगळं, वरून खाली सरकवणारं वेगळं. सरकवणारं बंद पडलं, तर सगळ्या ओळी एकाच जागी.

मला एकदम आमचं अंगण आठवलं. शेणाने सारवताना हात डावीकडून उजवीकडे फिरतो आणि आपण उकिडवं बसून हळूहळू मागे सरकत जातो. मागे सरकणंच थांबलं, तर एकच पट्टा सारवत बसू! मी तसं म्हटल्यावर भाऊ म्हणाले, "वहिनी, तीस वर्षं दुकान चालवतोय, पण इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं."

चौसष्टाव्या वर्षी मला कळलं की बोर्ड काय करतो. एका तरी बोर्डाचं कळलं.

मुंग्यांच्या पलीकडे मात्र आता काही येत नाही. अँटेनावर दिसणारी दूरदर्शनची जुन्या पद्धतीची प्रक्षेपणं २०२२ पर्यंत प्रसार भारतीने जवळपास सगळीकडे बंद केली. बांबू चढवा, अँटेना फिरवा, पोर्टेबलला दाखवायला काही उरलेलं नाही. म्हणून नातीला स्वतःचंच केंद्र काढावं लागलं!

तिचं केंद्र म्हणजे आर्डुइनो नावाचा तळहाताएवढा बोर्ड. हा कॉम्प्युटरला जोडून त्याला हवं ते काम शिकवता येतं. त्यातून टीव्हीला समजेल असं चित्र काढायला लागतात फक्त दोन रेझिस्टर, एक हजार ओहमचा आणि ४७० ओहमचा. ती पुड्यांतून शोधत बसली होती. मी म्हटलं, "हा घे तपकिरी-काळा-लाल, आणि हा पिवळा-जांभळा-तपकिरी." ती चाटच! तपकिरी म्हणजे एक, काळा म्हणजे शून्य, लाल म्हणजे पुढे दोन शून्यं, हा अर्थ तिने मला सांगितला. मला रंगांचा क्रम पाठ होता, त्यात आकडे लपलेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोघींनी मिळून पुडीतले सगळे रेझिस्टर वाचून काढले. शब्दकोड्यापेक्षा मजा आली.

टीव्ही जुना, त्याला मागे व्हिडिओची पिन नाही. मग भाऊंनी नव्वदच्या काळातल्या एका मोडक्या व्हिडिओ गेममधली डबी काढून दिली. आठवतोय ना तो खेळ, अँटेनाच्या जागी वायर लावून मुलं खेळायची? ती डबी साध्या चित्राचं चॅनल बनवते. त्यामुळे टीव्हीच्या पोटात पुन्हा हात घालायची गरज उरली नाही, आणि माझी अट तीच होती.

पाणी मोजायची तऱ्हा विहिरीत हाक मारण्यासारखी आहे. आपल्याला ऐकू येणार नाही असा बारीक आवाज सेन्सर खाली सोडतो आणि पाण्यावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यावरून अंतर निघतं. अंतर कमी झालं की पाणी चढलं. भिजला तरी चालेल असा सेन्सर घेतला. पण त्याची एक खोड आहे, वीसएक सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसतच नाही. म्हणून पीव्हीसीचा पाइप उंच धरून खिडकीच्या गजाला बांधला. पहिल्यांदा गेटपाशी लावला होता, पण वायर लांब झाली आणि आकडे नाचायला लागले. दहा वेळा मोजून मधला आकडा घ्यायचा, ही अक्कल तिला तिसऱ्या दिवशी सुचली.

सोल्डरिंग आम्ही खिडकीपाशी केलं, पंखा बाहेरच्या दिशेला लावून. झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बिस्किटालाही हात लावायचा नाही. तेव्हा आम्हाला कुणी हे सांगितलं नव्हतं, जेवणाचे डबे बाकावरच उघडायचो. नातीचा पहिला टाका लाडवाएवढा झाला. दुसरा बरा. विसावा मी भिंगातून पाहिला आणि काही बोलले नाही. म्हणजे चांगला होता, हे ती आता ओळखते.

बॅटरी कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली, बारा व्होल्टची. तिच्यावर टीव्ही चारेक तास चालतो. म्हणून टीव्ही बंदच ठेवायचा. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत आलं की आधी शिट्टी वाजते, मग आपण उठून टीव्ही लावायचा. भाऊंनी फक्त पार्टचे पैसे घेतले. वर म्हणाले, "दुकानात दोन बोर्ड पडलेत, दोष सापडत नाही. जाता-येता नजर टाकाल का?" एकात सापडला. दुसऱ्याने मला हरवलं. हे पेपरामागून म्हणतात, "आता दुकानाच्या पाटीवर तुझं नाव घालायला सांग!" चेष्टाच करतात, पण त्या दिवशी चहा त्यांनीच केला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अठरा-एकोणीस तारखेला पुन्हा तसाच पाऊस लागला. शाळांना सुट्टी, रस्त्यात गुडघाभर पाणी. संध्याकाळी लाइट गेले. सासूबाई आता नाहीत, त्यांच्या जागी खालच्या गादीवर नात झोपते. रात्री एक वाजता शिट्टी वाजली. मी उठून टीव्ही लावला. ट्यूब तापायला वेळ घेते, तेवढ्यात मोरीच्या जाळीवर पाट ठेवला आणि त्यावर पाण्याची भरलेली बादली. पडद्यावर आकडा आला, कॉटवरूनही दिसेल एवढा मोठा. उंबऱ्याला अजून सतरा सेंटिमीटर बाकी होते. मग पंधरा. नातीला उठवलं, गाद्या वर घेतल्या, गॅसचं सिलिंडर ओट्यावर चढवलं, कागदपत्रांची पिशवी माळ्यावर टाकली. अकरा. ह्यांनी शेजारच्या तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना उठवून वरच्या मजल्यावर पोचवलं. नऊ. नंतर कितीतरी वेळ नऊच.

साडेतीनला दहा झाले. आम्ही टीव्ही बंद केला.

सकाळी पाऊस थांबल्यावर नात फूटपट्टी घेऊन बाहेर गेली. भिंतीवर पाण्याची ताजी खूण होती, तिच्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजून आली. तोंड पाडून म्हणाली, "आजी, सात आहेत. आपला आकडा दोन सेंटिमीटर चुकतोय."

मी पदर खोचला आणि पाइपाची गाठ सोडायला तिच्याबरोबर चिखलात उतरले.